लाइट गेल्यावर डेटाबेस ‘माउंट’वर अडकतो: एनएफएस, जंबो फ्रेम आणि सेव्ह न केलेला स्विच

लक्षण आधी सांगतो, म्हणजे ज्यांचा त्रास वेगळा आहे त्यांचा वेळ वाचेल. लिनक्स सर्व्हरवर ओरॅकल १९सी हा डेटाबेस आहे. ओरॅकलचे सॉफ्टवेअर आणि पॅरामीटर फाइल सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्कवर, तर डेटा फाइल्स, कंट्रोल फाइल्स आणि रीडू लॉग (बदलांची नोंद) नॅस स्टोरेजवर, म्हणजे नेटवर्कवरच्या साठवण-पेटीवर आहेत; ती एनएफएस या नेटवर्कवरून फाइल्स वापरण्याच्या पद्धतीच्या तिसऱ्या आवृत्तीने जोडली आहे. वीज जाऊन आली की सर्व्हर नीट उभा राहतो, एनएफएसची माउंट होतात, ‘डीएफ’ जागेचे आकडे दाखवते, ‘एलएस’ने फाइल्स दिसतात, पिंगला उत्तर येते. डेटाबेसही ‘नोमाउंट’पर्यंत, म्हणजे डेटाबेसच्या फाइल्स न उघडता सुरू होण्याच्या पहिल्या टप्प्यापर्यंत सुरळीत जातो, आणि ‘अल्टर डेटाबेस माउंट’ म्हटले की तिथेच बसून राहतो. एरर येत नाही. ‘पीएस’मध्ये प्रोसेस ‘डी’ अवस्थेत (इनपुट-आउटपुटची वाट पाहत अडकलेली) दिसते, आणि काही मिनिटांनी कर्नलच्या लॉगमध्ये ‘सर्व्हर नॉट रिस्पॉन्डिंग, स्टिल ट्राइंग’ ही ओळ उमटते. मधूनच ‘ओके’ अशीही ओळ येते, त्यामुळे आता सुटेल असे वाटते, पण पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

तुमच्याकडे अडकण्याऐवजी स्पष्ट एरर येत असेल, तर हे प्रकरण तुमचे नाही. ओआरए-२७०८६ म्हणजे फाइल लॉक करता येत नाही अशी तक्रार असेल, तर सर्व्हर अचानक बंद पडल्यामुळे नॅसवर मागे राहिलेली जुनी लॉक पाहावीत. ओआरए-२७०५४ असेल, तर माउंटचे पर्याय चुकले आहेत. ‘स्टेल फाइल हँडल’ असेल, तर नॅसवरचा एक्स्पोर्ट बदलला आहे किंवा पुन्हा बनवला आहे. खालचे सगळे लिखाण फक्त निमूट अडकण्याबद्दल आहे.

हा सर्व्हर रत्नागिरीजवळच्या एका मत्स्यप्रक्रिया कारखान्याचा. मिरकरवाडा बंदरावर उतरलेली मासळी तिथे येते आणि प्रत्येक क्रेटचे वजन, तापमान व बॅच क्रमांक या डेटाबेसमध्ये नोंदला जातो. युरोपला जाणाऱ्या मालासोबत २०१० पासून पकड-प्रमाणपत्र लागते, त्यामुळे कोणत्या बोटीचा माल कोणत्या बॅचमध्ये गेला याचा धागा तुटून चालत नाही. यूपीएसच्या बॅटऱ्या जेमतेम पंधरा मिनिटे टिकतात आणि जनरेटर हाताने सुरू करावा लागतो. वळीव सुरू झाल्यापासून गणपती उरकेपर्यंत वीज किती वेळा जाते हे कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असल्याने त्या दोन महिन्यांत डेटाबेस तासभर अडकला तरी कोणी ओरडले नाही. १ ऑगस्टनंतर बोटी लागल्या आणि पहाटे तीन वाजता बर्फातला माल तराजूसमोर खोळंबून राहू लागला, तेव्हा मला फोन आला.

आधी ज्या वाटांनी फिरून वेळ घालवला, त्या सांगतो. पहिला संशय केबलवर गेला, कारण खाऱ्या हवेत आरजे-४५ च्या पिना हिरव्या पडतात आणि इथे ते नेहमीचेच आहे. दोन केबल बदलल्या, काही फरक पडला नाही. खरे तर आधी ‘ईथटूल’ने पोर्टवरचे सीआरसी दोष, म्हणजे वाटेत बिघडलेल्या फ्रेम, मोजायला हवे होते, ते शून्य होते, आणि खराब केबलमध्ये ते शून्य राहत नाहीत. शिवाय खराब केबल लहान पॅकेटही गाळते, त्यामुळे साधा पिंगही अधूनमधून तुटतो. इथे तो हजारदा करूनही एकदाही तुटला नाही.

दुसरा संशय सुरू होण्याच्या क्रमावर गेला: नॅसला उठायला सर्व्हरपेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून माउंट वेळेत होत नसावे. एफएसटॅबमध्ये (माउंटच्या यादीच्या फाइलमध्ये) ‘नेटडेव्ह’ (नेटवर्क आल्यावर माउंट करा) आणि ‘बीजी’ (मागे प्रयत्न करत राहा) हे पर्याय होतेच आणि माउंट प्रत्यक्षात झालेले दिसत होते, म्हणजे हाही संशय तसा पहिल्याच दिवशी निकालात निघायला हवा होता. तरी मी त्यावर एक फेरी वाया घालवली.

तिसरी गोष्ट संशयाची नव्हती, सल्ल्याची होती, आणि ती जास्त धोक्याची होती. यंत्रसामग्री पुरवणाऱ्यांकडचा माणूस म्हणाला की माउंटचा ‘हार्ड’ पर्याय काढून ‘सॉफ्ट’ लावा, म्हणजे सर्व्हर अडकणार नाही. अडकणार नाही हे खरे आहे. ‘हार्ड’मध्ये कर्नल उत्तर येईपर्यंत तीच विनंती पुनःपुन्हा पाठवत राहतो; ‘सॉफ्ट’मध्ये ठरलेल्या प्रयत्नांनंतर हात वर करून ॲप्लिकेशनला इनपुट-आउटपुटचा दोष परत देतो. डेटाबेसने लिहिलेला ब्लॉक नॅसवर पोहोचला की नाही याची खात्री नसताना मिळालेला असा दोष म्हणजे चालू डेटाबेस कोसळण्याला किंवा फाइल बिघडण्याला दिलेले आमंत्रण आहे. डेटाबेसच्या फाइल्सवर ‘सॉफ्ट’ कधीही लावू नये. आमचे पर्याय नेहमीचेच होते: हार्ड, टीसीपी, आवृत्ती ३, वाचन-लेखनाचा आकार ३२७६८ आणि टाइमो, म्हणजे उत्तराची वाट पाहण्याची मुदत, ६००. हा शेवटचा आकडा सेकंदाच्या दहाव्या भागात असतो, म्हणजे ६०० चा अर्थ साठ सेकंद. तो सहाशे सेकंद समजून कमी करणारेही मी पाहिले आहेत.

रात्रपाळीचे सुपरवायझर काका लाइट आल्यावर काय करतात, हे मी त्यांना एकदा चहा पिताना विचारले. ते म्हणाले, “साहेब, सर्व्हर एकदा बंद-चालू केला की कधी उठतो, कधी नाही. दुसऱ्यांदा केला की उठतोच. तिसऱ्यांदा कधी लागलं नाही.” एवढे बोलून त्यांनी जनरेटरची वही पुढे केली. डिझेलच्या हिशेबासाठी लाइट कधी गेली, जनरेटर कधी लावला आणि लाइट कधी आली हे ते मिनिटासह लिहितात. ती वही आणि डेटाबेसचा अलर्ट लॉग शेजारी ठेवून पाहिल्यावर दोन गोष्टी दिसल्या. यूपीएसने निभावून नेलेल्या छोट्या खंडांनंतर डेटाबेस एकदाही अडकला नव्हता; तो अडकला तेव्हा प्रत्येक वेळी सगळे रॅक पूर्ण बंद पडून पुन्हा सुरू झाले होते. आणि वीज आल्यापासून सात-आठ मिनिटे उलटल्यावर जे रिस्टार्ट झाले, ते सगळे यशस्वी झाले होते, मग ते पहिले असो वा दुसरे. म्हणजे रिस्टार्टमुळे काही दुरुस्त होत नव्हते. मधल्या वेळात दुसरेच काहीतरी उभे राहत होते, आणि त्यानंतर सर्व्हर चालू झाला की वेगळी वाट धरत होता.

वाटा दोन होत्या हे खरे. सर्व्हरचे दोन नेटवर्क पोर्ट ‘ॲक्टिव्ह-बॅकअप’ प्रकारच्या बॉन्डिंगने (एका वेळी एकच पोर्ट सक्रिय, दुसरा राखीव) एकत्र केले होते: पहिला पोर्ट मोठ्या स्विचला, दुसरा एका लहान स्विचला, आणि लहान स्विचची केबल मोठ्या स्विचला. नॅसचे दोन्ही पोर्ट मात्र मोठ्या स्विचलाच. (मोठा स्विच मेला तर या रचनेत दुसरी वाट असून नसल्यासारखी आहे, पण तो विषय वेगळा.) मोठ्या स्विचला सुरू व्हायला पाच-सहा मिनिटे लागतात, लहान एका मिनिटात तयार होतो. बॉन्डमध्ये ‘प्रायमरी’ पोर्ट नेमलेला नसेल तर जो पोर्ट आधी जिवंत दिसतो तो सक्रिय होतो, आणि नंतर दुसरा जिवंत झाला तरी पहिलाच सक्रिय राहतो. त्यामुळे सगळे एकदम सुरू झाले की सर्व्हर लहान स्विचची वाट धरायचा. मोठा स्विच उभा राहिला की त्याच वाटेने नॅसपर्यंत पोहोचायचा आणि माउंटही व्हायचे. काकांनी मोठा स्विच उठण्याआधीच रिस्टार्ट केला तर पुन्हा तेच. तो उठल्यावर केला तर दोन्ही पोर्ट जिवंत असल्याने यादीतला पहिला, म्हणजे मोठ्या स्विचचा पोर्ट सक्रिय व्हायचा आणि डेटाबेस उठायचा. सध्या कोणता पोर्ट सक्रिय आहे हे ‘प्रॉक’खालच्या ‘नेट’मधील ‘बॉन्डिंग’ या डिरेक्टरीत बॉन्डच्या नावाची फाइल वाचली की ‘करंटली ॲक्टिव्ह स्लेव्ह’ या ओळीत दिसते. पुढच्या खेपेला अडकलेल्या अवस्थेत ती ओळ पाहिली, तर सक्रिय पोर्ट लहान स्विचचाच होता.

वाट कळली, पण तिच्यात खोट काय हे कळायचे राहिले होते. सर्व्हर आणि नॅस या दोघांवर एमटीयू, म्हणजे एका फ्रेममध्ये (नेटवर्कवरच्या एका पुडीत) मावणाऱ्या बाइट्सची मर्यादा, ९००० ठेवला होता, म्हणजे ज्याला जंबो फ्रेम म्हणतात तो. ईथरनेटच्या मूळ मानकात एका फ्रेममध्ये १५०० बाइट्सच धरलेले आहेत. ९००० ही उत्पादकांनी रूढ केलेली सोय आहे, आणि ती दोन टोके आपसात बोलून ठरवत नाहीत. वाटेतल्या प्रत्येक पेटीवर ती कोणीतरी हाताने चालू करावी लागते. टीसीपीची जोडणी होताना दोन्ही टोके आपापला कमाल आकार एकमेकांना सांगतात, पण मधल्या स्विचला कोणी विचारत नाही. मोठी फ्रेम न झेपणारा स्विच ती टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला काही कळवतही नाही. राउटर असता तर ‘पॅकेट मोठे आहे’ असा आयसीएमपी निरोप परत आला असता आणि लिनक्सने आकार कमी केला असता. साध्या स्विचकडून तो निरोप येत नाही.

आता लक्षणे पुन्हा वाचली तर प्रत्येकाचे कारण सापडते. पिंगचे पॅकेट चौऱ्याऐंशी बाइट्सचे असते, ते जाते. माउंटची बोलणी लहान असतात, ती होतात. थोड्या फाइल्स असलेल्या डिरेक्टरीचे ‘एलएस’ही एका लहान उत्तरात मावते. पॅरामीटर फाइल स्थानिक डिस्कवर असल्याने ‘नोमाउंट’ला नॅसची गरजच पडत नाही. ‘माउंट’ला मात्र कंट्रोल फाइल वाचावी लागते, आणि तिचा एकेक ब्लॉक १६ केबीचा असतो. नॅस ते उत्तर मोठ्या फ्रेममध्ये पाठवते, लहान स्विच ती गिळतो, नॅस पुन्हा पाठवते, तो पुन्हा गिळतो. टीसीपीमध्ये पुढचा माल मागच्याला ओलांडून जाऊ शकत नाही, म्हणून त्याच जोडणीवरची नंतरची लहान उत्तरेही मागे तुंबतात. त्यामुळे डेटाबेस उठवण्याआधी चालणारे ‘एलएस’ डेटाबेस अडकल्यावर तेही अडकते, आणि बघणाऱ्याला वाटते की नॅसच मेले. जोडणी तुटून नवी झाली की क्षणभर लहान उत्तरे येतात आणि लॉगमध्ये ‘ओके’ उमटते. डेटाबेसने स्वतःचा डायरेक्ट एनएफएस (ओरॅकलमध्येच असलेला एनएफएस) वापरला असेल, तर त्याच्या जोडण्या कर्नलपेक्षा वेगळ्या असतात, म्हणून तिथे डेटाबेस अडकूनही ‘एलएस’ खुशाल चालत राहते आणि संशय उगाच ओरॅकलवर जातो.

याची कसोटी एका ओळीची आहे. सर्व्हरवरून नॅसच्या पत्त्यावर ‘पिंग -एम डू -एस ८९७२’ असा पिंग करावा. ‘-एम डू’ म्हणजे पॅकेटचे तुकडे करू नयेत, आणि ८९७२ हा आकडा ९००० मधून आयपीचे २० व आयसीएमपीचे ८ बाइट्स वजा केल्यावर उरतो. उत्तर आले तर वाट मोकळी आहे. ‘मेसेज टू लाँग’ असे लगेच आले तर तक्रार तुमच्याच सर्व्हरच्या पोर्टची आहे, तिथे ९००० लागलेला नाही. काहीही न येता नुसती शांतता असेल, आणि ‘-एस १४७२’ने मात्र उत्तर येत असेल, तर मधली कोणती तरी पेटी किंवा पलीकडचे टोक मोठ्या फ्रेम गिळत आहे. ८९७२ जात नाही पण त्याहून थोडे लहान, म्हणजे ८९५० च्या आसपासचे जाते असे दिसले, तर स्विचवर कोणीतरी नेमके ९००० टाकले आहे आणि तो स्विच ईथरनेटचे शीर्षक व शेपूट त्याच आकड्यात मोजतो. १८ बाइट्स तिथे जातात आणि व्हीलॅन असेल तर आणखी ४. म्हणूनच स्विचवर ९२१६ ठेवायची रीत आहे.

ही कसोटी दोन्ही वाटांवर घ्यावी लागते, आणि बहुतेक ठिकाणी हेच राहून जाते. निष्क्रिय पोर्टवरून पिंग करता येत नाही, म्हणून डेटाबेस बंद ठेवून ‘सिस’खालच्या बॉन्डच्या ‘ॲक्टिव्ह स्लेव्ह’ या फाइलमध्ये दुसऱ्या पोर्टचे नाव लिहून वाट बदलावी आणि पुन्हा पिंग करावा. आमच्याकडे मोठ्या स्विचच्या वाटेने ८९७२ चे उत्तर आले, लहान स्विचच्या वाटेने शांतता. लहान स्विचच्या पोर्टवर ‘जायंट्स’ हा, म्हणजे मर्यादेपेक्षा मोठ्या फ्रेमचा आकडा प्रत्येक पिंगगणिक एकाने वाढताना दिसला, आणि त्यानंतर वादाला जागा उरली नाही. काही स्विच हाच आकडा ‘ओव्हरसाइज’ या नावाने दाखवतात.

तो स्विच मे महिन्यात बदललेला होता. जुना गंजाने गेला, नवा बसवणाऱ्याने त्यावर जंबो फ्रेमची सेटिंग टाकली, सगळे चालते हे पाहिले आणि तो निघून गेला. सेटिंग चालू मेमरीत होती, कायमच्या मेमरीत सेव्ह केलेली नव्हती. पहिल्यांदा पूर्ण वीज गेली तेव्हा ती पुसली आणि स्विच १५०० वर आला, आणि तेव्हापासून तिथेच होता. स्विच बदलणे आणि पहिल्यांदा अडकणे यांत तीन आठवडे गेल्यामुळे त्या दोन गोष्टी कोणी जोडल्या नाहीत. बसवणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. काम संपल्यावर स्विच एकदा बंद-चालू करून दाखवा असे आम्हीही म्हटले नव्हते.

दुरुस्ती त्यामुळे दोन मिनिटांची ठरली: लहान स्विचवर ९२१६, मग ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’, मग त्याची वायर काढून पुन्हा लावणे आणि त्या वाटेने पुन्हा ८९७२ चा पिंग. स्विचच्या बनावटीनुसार सेव्ह करण्याची आज्ञा वेगळी असते, आणि काही बनावटींत एमटीयूचा बदल स्विच रिस्टार्ट झाल्यावरच लागू होतो. वायर काढून पाहणे दोन्हींसाठी उपयोगी पडते. त्यानंतर दोन्ही वाटांनी ‘डीडी’ने थेट लेखनाच्या पर्यायासह ८ केबीच्या ब्लॉकची एक चाचणी फाइल लिहून आणि वाचून पाहिली, आणि मगच डेटाबेस उठवला.

बॉन्डमध्ये मोठ्या स्विचचा पोर्ट ‘प्रायमरी’ म्हणून नेमला असता तर हा त्रास मुळीच दिसला नसता, आणि नेमके म्हणून मी तो उपाय पहिला करू दिला नाही. मोठ्या स्विचचा पोर्ट ज्या दिवशी खरोखर गेला असता त्या दिवशी, म्हणजे दुसऱ्या वाटेची खरी गरज असताना, ती बंद निघाली असती. दोष काढून झाल्यावर आता तो नेमला आहे, कारण लहान स्विचवरून उगाच फेरा घालण्यात काही लाभ नाही. बॉन्डची ‘एमआयआयमॉन’ देखरेख इथे कामाची नाही; ती फक्त केबलच्या पलीकडे कोणी जिवंत आहे का ते पाहते. एआरपीची देखरेखही लहान पॅकेटने होते, त्यामुळे मोठ्या फ्रेम मरत असतानाही ती सगळे ठीक असल्याचेच सांगते. ‘टीसीपी एमटीयू प्रोबिंग’ हे कर्नलचे सेटिंग १ केले तर लिनक्स अडकलेला आकार स्वतः कमी करून पाहतो, पण ते सर्व्हरकडून जाणाऱ्या मालापुरते. नॅसकडून येणारा माल नॅसच्या मर्जीवर राहतो.

एक पर्याय मी गंभीरपणे मांडला होता आणि अजूनही लहान ठिकाणांसाठी मला तोच योग्य वाटतो: दोन्ही टोकांना एमटीयू १५०० करून टाकावा. एक गिगाबिटच्या जोडणीवर अशा आकाराच्या डेटाबेसला जंबो फ्रेमने जो लाभ मिळतो, तो पहाटे तीनच्या एका फोनइतकाही नाही. जिथे स्विच कोण बदलतो याची नोंद ठेवली जात नाही, तिथे १५०० हा आकडा कोणी न सांगताही बरोबर राहतो. कारखान्याने ९००० च ठेवायचे ठरवले, कारण रात्रीचा बॅकअप त्याच जाळ्यावरून जातो आणि त्यात त्यांना फरक जाणवतो. ठीक आहे.

९००० ठेवल्यामुळे एक पहारेकरी मात्र बसवला. सिस्टमडीची (लिनक्सवर सेवा सुरू करणाऱ्या यंत्रणेची) एक छोटी सेवा डेटाबेसच्या सेवेच्या आधी चालते, नॅसला ८९७२ चे पाच पिंग करते आणि एकाचेही उत्तर आले नाही तर अयशस्वी ठरते; डेटाबेसची सेवा तिच्यावर ‘रिक्वायर्स’ व ‘आफ्टर’ने अवलंबून आहे, म्हणून ती मग सुरूच होत नाही आणि लॉगमध्ये कारण स्पष्ट लिहिलेले असते. न उठलेला डेटाबेस अर्धवट अडकलेल्या डेटाबेसपेक्षा हाताळायला कितीतरी सोपा असतो. या पहारेकऱ्याला फक्त सक्रिय वाट दिसते, त्यामुळे महिन्यातल्या एका रविवारी डेटाबेस बंद करून दुसरी वाट हाताने तपासतो.

रॅकच्या दारावर आता एक कागद चिकटवला आहे: लाइट आल्यावर मोठ्या स्विचचा हिरवा दिवा स्थिर होईपर्यंत सर्व्हरचे बटण दाबू नये, आणि डेटाबेस उठला नाही तर रिस्टार्ट न करता फोन करावा. नॅसचा दुसरा पोर्ट अजून मोठ्या स्विचलाच आहे. तो लहान स्विचला नेण्यासाठी कपाटामागून नवी केबल ओढावी लागणार आहे, आणि ते काम बोटी बंद असतानाच करायचे ठरले आहे.